उजव्या खिडकीतले दात

गुरुवारचे फोटो तपासताना भिंगरावांना त्यांची बायको सापडली.

ती एका परदेशी गाडीत बसली होती आणि हसत होती. शेजारी एक पुरुष होता. तोही हसत होता.

भिंगराव टोल वसुली कार्यालयात परदेशी वाहनांच्या टेबलावर होते. शहराभोवतीच्या रिंगरोडवर टोलनाके नव्हते, नुसते उंच खांब आणि त्यांवर कॅमेरे होते. इथल्या गाड्यांचा टोल मालकाच्या खात्यातून आपोआप कापला जाई. सीमेपलीकडून येणाऱ्यांनी तो आधी ऑनलाइन भरायचा असे, आणि ते भरत नसत. मग त्यांचा फोटो भिंगरावांकडे येई. ते नंबर टिपत, चेहरा मोठा करून चालकाचं वर्णन लिहीत आणि दंडाची नोटीस सीमेपलीकडे धाडत. तिथलं कार्यालय ‘भाषांतर जोडा’ असा शेरा मारून ती परत पाठवी. भाषांतर जोडलं की ‘मूळ प्रत जोडा’ असा शेरा येई. मूळ प्रत जोडेपर्यंत भाषांतर गहाळ झालेलं असे. टेबल वर्षानुवर्षं असं सुरळीत चाललं होतं आणि वसुली शून्य होती. प्रत्येक फोटो ताणून ताणून मोठा करण्याच्या सवयीमुळे ऑफिसनं त्यांचं भिंगराव हे नाव पाडलं होतं, आणि आता खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं.

त्यांनी हाही फोटो मोठा केला. कॅमेरा उंचावर असल्याने गाडीच्या काचेवर आकाश उतरलं होतं. दोघांच्या छातीखालचं सगळं पांढरंफेक होतं. पुरुषाने उन्हासाठी समोरची झापड खाली ओढली होती, त्यामुळे नाकाच्या वर तो नव्हताच. होती ती एक दाढी आणि दात. दात असे की भिंगराव दोन क्षण बायकोला विसरले. एका उंचीचे, एका रंगाचे, शाळेच्या संचलनात उभे केल्यासारखे.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मोरपिशी स्कार्फ बांधला होता. तो त्यांनीच आणला होता. ‘डोळ्यांवर येतो’ म्हणून तिने तो कधी बांधला नव्हता.

गाडीचा नंबर घालून त्यांनी शोध घेतला. न तपासलेल्या फोटोंतून आणखी गुरुवार बाहेर पडले. प्रत्येक गुरुवारी तीच गाडी, तीच बायको, तेच दात. एका फोटोत ती ओठ घट्ट मिटून समोर बघत होती आणि दातवाला तिला काहीतरी समजावत होता. हा फोटो भिंगरावांना हसऱ्या फोटोंहून जास्त झोंबला. हसणं एक वेळ समजू शकतं. समजावणं म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं.

“काय हो, कोणी ओळखीचं सापडलं का?” शेजारच्या टेबलावरून देशी म्हणाला. तो इथल्या गाड्यांचं टेबल सांभाळायचा, म्हणून देशी.

“छे! माझ्या ओळखीचं कोण असणार परदेशी गाडीत?” भिंगराव म्हणाले आणि स्क्रीनपुढे छाती काढून बसले.

घरी गेल्यावर त्यांनी लगेच विषय काढला नाही. तपास थंड डोक्याने करायचा असतो. बायको एका दंतवैद्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत असे आणि घरी आल्यावर तिच्या नखांत गुलाबी मेण अडकलेलं असे. ती जेवायला बसेपर्यंत ते थांबले.

“काल तुला उशीर झाला होता, नाही?”

“गुरुवारी होतोच. फिटिंग असतं.”

“कोणाचं?”

“पेशंटचं. अजून कोणाचं?”

“पुरुष पेशंट की बाई?”

बायकोने घास हातातच ठेवला. “का हो?”

“सहज.”

“तुम्ही सहज काही विचारत नाही. मी पंखा वाढवला तरी कारण विचारता.”

“बरं, तो मोरपिशी स्कार्फ कुठे असतो हल्ली?”

“असतो की. वाऱ्याला बरा पडतो.”

“लॅबमध्ये वारा कुठून येतो?”

“आज तुमच्या ऑफिसात काही झालंय का?” बायको म्हणाली. “का परत भाषांतर हरवलं?”

इथे एरवी भिंगराव सुटले असते. परदेशी गाडीवाले कसे फुकट फिरतात, त्यांना कोणी काही करू शकत नाही, एक दमडी वसूल होत नाही, हे ते रोज जेवताना सांगत. आज मात्र त्यांनी नुसती आमटी वाढून घेतली. त्या फुकट फिरणाऱ्या गाडीत आपल्या घरचं माणूस आहे हे कळल्यावर विषयाची चव गेली होती.

रात्री ते आरशासमोर उभे राहिले आणि हसून पाहिलं. खालचे दोन दात बसमध्ये डुलकी लागलेल्या प्रवाशांसारखे एकमेकांवर रेलले होते. बाकीच्यांचा रंग चहाचा होता. शनिवारी त्यांनी ‘चमकदार’ असं लिहिलेली पेस्ट आणली आणि जेवणानंतर प्रत्येक वेळी घासायला सुरुवात केली.

“अहो, दात घासताय की फरशी?” बायको बाहेरून ओरडली. “इनॅमल जाईल अशानं. मग याल माझ्याकडेच कवळी मागायला!”

भिंगरावांनी तोंडातल्या फेसासकट हे वाक्य गिळलं. म्हणजे आपल्या नवऱ्याची आता कवळीपर्यंत मजल गेली, असं हिला वाटतं. आणि तिकडे तो, बत्तीसच्या बत्तीस शाबूत असलेला!

सोमवारी त्यांनी नियमावली काढली. नोटिशीने हा माणूस मरणार नव्हता. पण मागच्या पानांत एक कलम होतं, जे आजवर कोणी वापरलं नव्हतं. वारंवार टोल बुडवणारं परदेशी वाहन रस्त्यात अडवता येत होतं, आणि चालकाने सगळा दंड जागेवर भरेपर्यंत रोखून धरता येत होतं. भिंगरावांनी गाडी अडवायच्या यादीत घातली. सराईतपणाबद्दल दंड दुप्पट केला. नोटिशीला उत्तर न दिल्याबद्दल वाढीव आकार लावला. नोटीस त्यांनी पाठवलीच नव्हती, पण पाठवली असती तरी उत्तर आलं नसतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. हसण्याला दंड कुठेच नव्हता. बराच वेळ शोधून त्यांनी ‘वाहन चालवताना लक्ष विचलित असणे’ हे कलम लावलं आणि त्यांना जरा बरं वाटलं.

उरला फोटो. फाईल मोठ्या बाईंकडे सहीला जाणार, तिथून गस्तीच्या गाडीकडे, आणि वाटेत देशीच्या टेबलावरून. घरची अब्रू फाईलला टाचणीने लावायची नसते. भिंगरावांनी प्रत्येक फोटो छापून मधोमध कापला, बायकोची बाजू खिशात घातली आणि दातवाल्याची बाजू फाईलला लावली. खाली लिहिलं: ‘चालक पुरुष. दाढी. दात ठळक.’

मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. फाईल वाचून त्या खुर्चीतून उठल्याच.

“भिंगराव, इतकी वर्षं मी तुमचं टेबल फर्निचरमध्ये धरत होते हो!”

“नाही बाई, तसं काही—”

“नाही कसं? परदेशी गाडीकडून जागेवर वसुली! मी स्वतः येते गुरुवारी. खात्याच्या मासिकाचा फोटोग्राफरही आणते. कव्हरवर टाकू.”

“कव्हरवर कशाला, बाई? साधीच गाडी आहे.”

“तुमचा हा विनय मला आधी का नाही दिसला?”

बाहेर देशीचं तोंड आंबलं होतं. “आमच्या टेबलावरून रोज पोत्याने पैसे जमा होतात,” तो म्हणाला. “आमचा कोणी पासपोर्ट साइजसुद्धा काढत नाही. तुमचं मात्र एका गाडीवर कव्हर!”

एरवी देशीला आपला हेवा वाटतोय हे पाहून भिंगराव दिवसभर खूश राहिले असते. पण सध्या त्यांच्याकडे स्वतःचाच इतका होता की दुसऱ्याच्या हेव्याकडे लक्ष द्यायला जागा नव्हती.

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते रिंगरोडच्या उतारावर उभे राहिले. गस्तीवरच्या शिपाईबाईंनी लाल दांडकं हातात घेतलं होतं. मोठ्या बाई सावलीत होत्या, फोटोग्राफर उन्हात होता. भिंगरावांनी सगळं मनात ठरवलं होतं. बायकोकडे एकदाही बघायचं नाही. सगळा मारा दातवाल्यावर. तो गयावया करेल, दात आपोआप झाकले जातील, आणि आपला नवरा काय चीज आहे हे तिला शेजारी बसून बघावं लागेल. मग घरी ती रडेल. मग आपण क्षमा करायची की नाही, हे तेव्हाचं तेव्हा बघू. क्षमा करायचीच असं त्यांच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं, कारण तिच्याशिवाय घराची कल्पना करायला घेतली की त्यांना पुढचं काही दिसतच नव्हतं.

गाडी आली. शिपाईबाईंनी दांडकं आडवं धरताच ती दोन हिसके देऊन थांबली आणि बंद पडली.

“बघा,” भिंगराव मोठ्या बाईंना म्हणाले, “घाबरलाय!”

ते ताडताड चालत दातवाल्याच्या खिडकीशी गेले. काच खाली आली. दात तसेच होते, किंबहुना जवळून जास्त होते.

“अहो—” पलीकडून बायकोचा आवाज आला.

भिंगरावांनी तिकडे न बघता पंजा उभा केला. “आपण घरी बोलू.”

“अहो, पण ऐका तरी—”

“तू मध्ये बोलू नकोस. मी चालकाशी बोलतोय.”

“तुम्ही या बाईंना ओळखता?” मागून मोठ्या बाईंनी विचारलं.

“थोडंफार,” भिंगराव म्हणाले. मग त्यांनी फाईल उघडली आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. “तुम्ही दुसऱ्याच्या देशात येता. दुसऱ्याचा रस्ता वापरता. दुसऱ्याची... दुसऱ्याच्या मालाला हात लावायच्या आधी मोल द्यावं लागतं, हे तुमच्याकडे शिकवत नाहीत? तुम्हाला वाटलं, इथे कोणाचं लक्ष नाही. माझं आहे! प्रत्येक गुरुवारी होतं!”

फोटोग्राफरने दोन-तीन फोटो काढले. दातवाल्याने सगळं शांतपणे ऐकलं. तो इथली भाषा पाठ्यपुस्तकातून शिकल्यासारखी बोलत होता.

“क्षमस्व. आपण हे माझ्याशी बोलत आहात काय?”

“मग काय मागच्या सीटशी?”

“परंतु मी केवळ बसलो आहे.”

“सगळे हेच म्हणतात!”

“एक क्षण थांबावे. बोलताना मला टोचते.” असं म्हणून त्याने तोंडात बोटं घातली आणि दात बाहेर काढले. वरचे आणि खालचे. ते त्याने रुमालात नीट गुंडाळून मांडीवर ठेवले. त्यासरशी त्याचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा आत बसला, दाढी नाकाला भेटायला वर आली, आणि खिडकीत ऐंशीच्या घरातले एक आजोबा दिसू लागले.

भिंगरावांचा शत्रू रुमालात गेला होता. ते रुमालाकडे बघत राहिले.

“सर,” गाडीच्या डाव्या बाजूने शिपाईबाई म्हणाल्या, “चालक इकडे आहे.”

“कुठे?”

“इकडे, डावीकडे. त्यांच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं ना! तुम्हीच तर आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंत. परदेशी गाडी थांबवली की आधी डाव्या खिडकीशी जायचं, नाहीतर पाहुण्याला दंड लावून बसाल, म्हणून. हसून हसून सांगितलं होतंत, सर.”

भिंगराव वाकले. आजोबांच्या पुढ्यात सामानाचा एक खण होता, आणि त्यात पेपरमिंटची पुडी. स्टिअरिंग पलीकडे होतं. ते दोन्ही हातांनी आवळून, मोरपिशी स्कार्फ बांधून, त्यांची बायको बसली होती.

“तू... चालवतेस?”

“तेच सांगत होते मघापासून!”

“कागद बरोबर आहेत,” शिपाईबाई म्हणाल्या. “शिकाऊ परवाना आहे ताईंचा. मागे पाटीही लावलीय.”

कॅमेरे समोरून फोटो काढत. पाटी मागे होती.

“माझ्या बहिणीकडे सगळ्यांसमोर काय म्हणालात आठवतं?” बायको म्हणाली. “हिच्या हातात गाडी दिली तर क्लच महिन्यात भंगारात जाईल. सगळे हसले. भावोजी तर ठसका लागेपर्यंत हसले. मग ठरवलं, शिकायचं आणि एकदम गाडी घेऊन दारात उभं राहायचं. आजोबांनी जन्मभर त्यांच्या देशात ड्रायव्हिंग शिकवलंय. दर गुरुवारी कवळीच्या फिटिंगला येतात. म्हणाले, सीमेपर्यंत माझी गाडी तूच चालव, वाटेत शिकवतो. तिथून मी बसने परत येते.”

“दात अप्रतिम करते,” आजोबा म्हणाले. “वळण मात्र फार रुंद घेते.”

“पण टोल? टोल का नाही भरलात?”

“मी भरणार होतो,” आजोबा म्हणाले. “ही म्हणाली, आवश्यकता नाही.”

“मग!” बायको म्हणाली. “तुम्हीच तर रोज जेवताना सांगता. परदेशी गाडीला कोणी काही करू शकत नाही, एक दमडी वसूल होत नाही. मला वाटलं, घरात इतका मोठा तज्ज्ञ असताना खोटं कशाला असेल?”

मोठ्या बाई आता सावलीतून पुढे आल्या होत्या. त्यांनी फाईल हातात घेतली, फोटो पाहिले, गाडीत पाहिलं, पुन्हा फोटो पाहिले. त्यांचा आवाज खाली आला.

“भिंगराव, हे फोटो अर्धेच आहेत.”

“हो, बाई.”

“म्हणजे चालक तुमच्या मिसेस. आणि फोटोतून नेमका चालकच कापलेला. याला काय म्हणतात माहीत आहे ना? चौकशी लागेल. तुम्ही घरी बसाल.”

“थांबा, बाई,” बायको म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. “अहो, तुम्ही मला वाचवायला कापलंत?”

भिंगरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. ‘हो’ म्हटलं तर घरी ते देवमाणूस ठरणार होते आणि ऑफिसातून जाणार होते. ‘नाही’ म्हटलं तर नोकरी राहणार होती, पण खरं कारण सांगावं लागणार होतं, आणि ते ऐकायला कारण स्वतःच समोर बसलं होतं. तिसरा पर्याय त्यांनी प्रामाणिकपणे शोधला. रस्त्यावर फक्त गाड्या होत्या.

“नाही,” ते म्हणाले. “ती चालवतेय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ती... यांच्याबरोबर... फिरायला जाते.”

‘यांच्याबरोबर’ म्हणताना त्यांचं बोट आजोबांकडे गेलं. सगळ्यांनी बोटाच्या दिशेने पाहिलं. फोटोग्राफरने कॅमेरा हळूच खाली केला.

“माझ्याबरोबर?” आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. “म्हणजे आपणास माझा मत्सर वाटला?”

“दात फार दिसत होते,” भिंगराव पुटपुटले.

“माझ्या पत्नीचा यावर विश्वास बसणार नाही. आपण मला हे कृपया लेखी द्याल काय?”

बायकोने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं, हॉर्न वाजला, आणि हॉर्न वाजत असतानाच ती हसायला लागली. फोटोतलं ते हसू. ते आपल्यासाठी आहे हे समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

“म्हणून दात घासत होतात?”

“हो.”

“अहो, मला आधी कळलं असतं तर मी अजून चार गुरुवार फिरले असते!”

मोठ्या बाईंनी चौकशी मागे घेतली. इतका लाजिरवाणा बचाव कोणी रचून सांगत नाही, असं त्यांचं मत पडलं. दंड मात्र सोडता येत नव्हता, कारण सही त्यांचीच होती. भिंगरावांनी तो स्वतःच्या कार्डाने भरला. दुप्पट आकार भरला, न पाठवलेल्या नोटिशीचा आकारही भरला.

“आणि हे लक्ष विचलित वगैरे काय आहे?” बायकोने पावती वाचत विचारलं.

“ते तू हसत होतीस त्याचं.”

परदेशी वाहनांच्या टेबलाची ही पहिली वसुली. फोटोग्राफरने भिंगरावांचा पावती घेतानाचा फोटो काढला. निघताना मोठ्या बाईंना वाटलं, या माणसाचा फार पाणउतारा झाला, दोन शब्द चांगले बोलावेत. त्या खिडकीशी वाकल्या.

“काही म्हणा, तुमचे मिस्टर कामात एक नंबर आहेत हं. इतर लोक नुसता गाडीचा नंबर बघून सोडून देतात. हे प्रत्येक चेहरा मोठा करून बघतात. नाक, डोळे, हसू, सगळं. अगदी मन लावून.”

“हो का?” बायको म्हणाली.

सीमेकडे जायच्या आधी भिंगरावांना घरी सोडायचं होतं. ते मागच्या सीटवर बसले. बायकोने गाडी सुरू केली, या वेळी एकही हिसका न देता.

“प्रत्येक चेहरा?” तिने आरशातून विचारलं.

“नियम आहे तसा. चालकाचं वर्णन लिहावं लागतं.”

“बायकासुद्धा चालवतात ना, तिकडच्या?”

“चालवतात. बऱ्याच.”

“त्यांचंही हसू मोठं करून बघता?”

“त्या सहसा हसत नाहीत.”

“म्हणजे बघितलंय!”

आजोबांनी रुमाल उघडला, दात घातले, मागे वळून भिंगरावांकडे पाहिलं आणि सहानुभूतीने पुन्हा समोर बघू लागले.

“मला इतकी वर्षं वाटत होतं, तुम्ही नंबरप्लेटी बघता,” बायको म्हणाली. “आणि घरी येऊन म्हणायचं, डोळे दुखतात!”

“अगं, खरंच दुखतात.”

“दुखणारच.”

एवढ्यात शेजारच्या लेनमधून एक लाल परदेशी गाडी पुढे निघून गेली. काच उघडी होती, चालवणारीचे केस वाऱ्यावर उडत होते. भिंगरावांनी पाहिलं आणि घाईघाईने मान फिरवली.

“बघितलंत ना?”

“नंबर,” ते म्हणाले. “नंबरच बघत होतो.”

“सांगा बघू काय होता.”

भिंगरावांनी तोंड उघडलं. आजोबाही कान देऊन थांबले. गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली, आणि ते बराच वेळ उघड्या तोंडाने आठवत राहिले.